घरगुती एचएचओ किटमधला कॉस्टिक इंजिनापर्यंत पोहोचू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे: विजेने पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजनचा मिश्र वायू (एचएचओ) काढणारा स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांचा सेल घरी बनवला, त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड या तीव्र अल्कलीचे, म्हणजे कॉस्टिकचे द्रावण भरले, आणि तयार होणारा वायू एका बबलरमधून (पाणी भरलेल्या बाटलीतून) थेट इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना जोडला. काही आठवड्यांनी थ्रॉटल बॉडीच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) आत पांढरा, ओलसर थर दिसू लागला. आता आणखी कोणता फिल्टर लावावा?

फिल्टरचे नंतर बघू. आधी किट बंद करा आणि मॅनिफोल्डची जोडणी काढून तिथे बूच बसवा. ती जोडणी आहे तोवर कोणताही फिल्टर टिकणार नाही. का, ते पुढे सांगतो.

पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा कॉस्टिक सोडा सेलच्या तापमानाला वाफ होऊन उडत नाही. सेल ६० अंशांवर असो की ८० वर, त्यातून उठणाऱ्या वाफेत पाणीच असते, कॉस्टिक नसतो. म्हणजे तुमच्या थ्रॉटलवर जो कॉस्टिक पोहोचला तो द्रवरूपातच गेला: तुषार म्हणून, फेस म्हणून किंवा सरळ नळीतून वाहत. अनेक जण ‘वायू शुद्ध करायला’ काय काय लावत सुटतात. पण वायूत मिसळलेले असे काही काढायचे नाहीच, काढायचे आहेत ते थेंब. आणि थेंब अडवायची सर्वांत चांगली जागा म्हणजे जिथे ते जन्माला येतात तो सेल. पुढे लावलेली प्रत्येक गोष्ट ही सेलमध्ये जे साधले नाही त्याची भरपाई असते.

नुकसान नेमके कशाचे होते? ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच त्याला वाचवतो. हा थर साधारण पीएच ४ ते ८.५ या पट्ट्यात टिकतो. कॉस्टिकच्या थेंबाचा पीएच १३-१४ असतो, तिथे तो विरघळतो आणि खालचा उघडा धातू अल्कलीशी भिडून ॲल्युमिनेट आणि हायड्रोजन तयार होतो. थ्रॉटल बॉडी, मॅनिफोल्ड, हेड, पिस्टन हे बहुतेक इंजिनांत ॲल्युमिनियमचेच असतात. कार्ब्युरेटर असेल तर आणखी वाईट, कारण त्याची बॉडी जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि अल्कली जस्तालाही खाते. उलट ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला अल्कलीपासून फारसा धोका नसतो. इंजिन चालू असताना हे सगळे हळू चालते. खरे काम रात्री होते, गाडी उभी असताना, कारण थेंब जागच्या जागी बसून राहतो आणि पोटॅशियमचे क्षार हवेतली ओल ओढून घेत असल्यामुळे तो वाळतही नाही. शिवाय थोडा कॉस्टिक पिस्टन रिंगांवरून तेलात उतरतो आणि तेलातली संरक्षक रसायने बिघडवतो.

तुमचा पांढरा थर दोन प्रकारचा असू शकतो. कॉस्टिकने हवेतला किंवा परत फिरलेल्या एक्झॉस्टमधला कार्बन डायऑक्साइड शोषला की पोटॅशियम कार्बोनेट होते. ते ओले, चिकट असते, पाण्याने सहज धुऊन निघते आणि खाली धातू गुळगुळीत सापडतो. दुसरा थर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा: पिठासारखा, पाण्यात न विरघळणारा, आणि खाली बारीक खड्डे. बोटाला हातमोजा घालून ओल्या कापसाने पुसून बघा. पहिला असेल तर वेळेत लक्षात आले म्हणायचे. दुसरा असेल तर थ्रॉटलची तबकडी नीट बंद होते का हेही तपासावे लागेल.

आता मॅनिफोल्डचे. पेट्रोल इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास असतो. तेवढ्या दाबाला साधे पाणी ७२ अंशांच्या आसपास उकळते, द्रावणाला काही अंश जास्त लागतात इतकेच. म्हणजे सेल चांगला तापला असेल तर तो चक्क उकळतो. त्यातच कमी दाबामुळे प्रत्येक बुडबुडा जवळपास तिप्पट फुगतो आणि नळीतला वेगही तिप्पट होतो. बबलरमधले पाणीसुद्धा वर ओढले जाते. वायू सोडायची योग्य जागा एअर फिल्टरनंतर आणि थ्रॉटलच्या आधी, जिथे दाब वातावरणाच्या जवळ असतो. हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याच्याही पुढे, कारण त्याच्या तारेवर क्षार बसला की मोजणी चुकते. टर्बो असलेल्या डिझेलमध्ये ही जागा कॉम्प्रेसरच्या आधी येते. तिथे प्रचंड वेगाने फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चाकावर थेंब आदळतात, म्हणून तशा इंजिनात हे किट लावूच नये असे माझे मत आहे.

मग सेल. बुडबुडा पृष्ठभागावर फुटतो तेव्हा त्याच्या पडद्याच्या चिंध्या आणि मधून उसळणारी बारीक धार यांतून थेंब उडतात. सोडावॉटरचा ग्लास तोंडाजवळ नेल्यावर नाकावर येतात तसे. हे थांबवता येत नाही, पण कमी करता येते. करंट जितका जास्त, पट्ट्या जितक्या लहान, द्रावण जितके तापलेले, तितके थेंब अधिक. २० अँपिअरचा सेल मोठ्या पट्ट्यांवर चालवला तर तोच वायू शांतपणे निघतो.

द्रावणाच्या तीव्रतेकडे विशेष लक्ष द्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची वाहकता वजनाने ३० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते, म्हणून काही जण तेवढे भरतात. कारखान्यातल्या अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये २५ ते ३० टक्केच असते हे खरे, पण तिथे पुढे विभाजक टाक्या, धुलाई आणि थेंब गाळणाऱ्या जाळ्या असतात. तुमच्याकडे तेवढी जागा नाही. जेवढ्या तीव्रतेत, सेल पूर्ण तापल्यावर, हवा तेवढा करंट मिळतो तेवढीच ठेवा. थंड सेलमध्ये करंट कमी दिसतो म्हणून आणखी पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकायचा मोह होतो. टाकू नका. तापमान वाढले की वाहकता अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, करंट वाढतो, त्याने उष्णता वाढते, आणि तासाभरात सेल हाताबाहेर जातो. करंट बांधून ठेवणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणूनच लावायचा. दुसरे म्हणजे, खर्च होते ते फक्त पाणी. पातळी निम्म्यावर आली तर तीव्रता दुप्पट झालेली असते. भरताना डिस्टिल्ड पाणीच भरा, पोटॅश नाही.

आकडे हातात असलेले बरे. पट्ट्यांमधले सहा कप्पे, २० अँपिअर, १३.८ व्होल्ट धरा. फॅरेडेच्या नियमाने यातून तासाला सुमारे ७५ लिटर मिश्र वायू, म्हणजे मिनिटाला सव्वा लिटर मिळतो आणि सुमारे ४० ग्रॅम पाणी खर्च होते. दर कप्प्यावर २.३ व्होल्ट पडतात. १.४८ व्होल्टच्या वरचे सगळे उष्णतेत जाते, म्हणजे जवळपास १०० वॉट. सातवा कप्पा वाढवला तर कप्प्यामागे दोन व्होल्टच्या आत येतो, सेल थंड राहतो, तुषार कमी होतात. फिल्टरवर खर्च करण्याआधी ही एक पट्टी वाढवा.

उष्णतेचा वाफेवर होणारा परिणामही मोठा आहे. ६० अंशांवर वर सांगितलेल्या वायूबरोबर तासाला सुमारे १५ ग्रॅम पाणी वाफ होऊन जाते. ४० अंशांवर जेमतेम पाच ग्रॅम. ही वाफ स्वतः निरुपद्रवी, पण ती थंड नळीत पाणी होते, वाटेतल्या तुषारांना सोबत घेते, आणि नळीला कुठे झोळ पडला असेल तर तिथे साचते. मग मागचा वायू ती साठलेली चूळ एकदम पुढे ढकलतो. अशी एक चूळ महिनाभराच्या तुषारांपेक्षा जास्त नुकसान करते. नळी सेलकडे किंवा बबलरकडे सतत उतरती हवी, मधे एकही झोळ नको.

फेसाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इंजिनात एकदम भरपूर द्रावण गेल्याच्या तक्रारीमागे बहुधा तोच असतो. पट्ट्या कापताना लागलेले तेल, बोटांचा चिकटपणा, सांध्यांना लावलेले ग्रीस यांच्यावर कॉस्टिक पडला की त्याचा साबण होतो. शब्दशः साबण, कारण साबण असाच बनतो. त्यात करंट सुरू झाला की फेस द्रावणाची टाकी भरून वर येतो, नळीतून बबलरमध्ये जातो, तिथेही फेस करतो आणि पुढे निघतो. कुठलाही बबलर फेस थांबवत नाही. यावर फेसनाशक घालू नका, तेही शेवटी द्रावणातली घाणच. पट्ट्या डीग्रीझरने धुवा, डिस्टिल्ड पाण्याने खळखळून काढा, त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श करू नका. पहिले द्रावण सौम्य ठेवून सेल इंजिनाला न जोडता मोकळ्या हवेत चालवा, ते द्रावण काढून टाका, आणि फेस पूर्ण थांबेपर्यंत हे पुन्हा करा. पारदर्शक नळी लावून बघत राहा. शांत पृष्ठभाग दिसला की मगच पुढचा विचार.

हे झाल्यावर थेंब पाडायचे काम. मिनिटाला सव्वा लिटर वायू सहा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून सेकंदाला पाऊण मीटर वेगाने जातो. एवढ्या वेगात १०० मायक्रॉनचा थेंबही खाली पडत नाही, वाहून जातो. तोच वायू ५० मिलिमीटर व्यासाच्या उभ्या पाइपातून नेला तर वेग सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर राहतो आणि २० मायक्रॉनपर्यंतचे थेंब स्वतःच्या वजनाने परत टाकीत पडतात. एक साधा रुंद उभा पाइप बाजारातल्या अनेक फिल्टरांपेक्षा जास्त काम करतो. टाकीत द्रावण दोन तृतीयांशापेक्षा वर नको, सेलकडून येणारी नळी आणि बाहेर जाणारी नळी यांच्यामध्ये आडवी पट्टी हवी, आणि गाडी चढावर किंवा ब्रेक लावताना द्रावण उसळते हे धरून बाहेरचे तोंड मधोमध, सर्वांत वर ठेवा.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती गंभीर आहे. प्रत्येक रुंद पाइप, प्रत्येक मोकळी जागा म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन अचूक प्रमाणात भरलेली टाकी. ५० मिलिमीटरचा ३० सेंटिमीटर पाइप म्हणजे सुमारे ६०० मिलिलिटर. हे मिश्रण बंद जागेत पेटले तर दाब दहा पटींच्या आसपास जातो, स्फोटाची लाट तयार झाली तर त्याहून वर. थेंबांसाठी जागा हवी आणि सुरक्षिततेसाठी नको, अशी ही ओढाताण आहे. मी सुरक्षिततेच्या बाजूने झुकतो: पाइप १५ सेंटिमीटरच ठेवायचा आणि त्यात स्टेनलेसची जाळी सैलसर भरायची. थेंब तारांवर आपटून एकत्र होतात, मोठे होऊन खाली गळतात, आणि मोकळी जागाही घटते. झाकण स्क्रूने आवळलेले नको, दाबाने उडून जाईल असे हवे, आणि ते उडेल त्या दिशेला माणसाचा चेहरा नको. बबलर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये असलाच पाहिजे, कारण इंजिनातून उलट आलेली ज्योत पाण्यात विझते. त्यातले पाणी संपले तर ती टाकीपर्यंत पोहोचते.

बबलरकडून लोकांची अपेक्षा चुकीची असते. मोठा बुडबुडा पाण्यातून वर जातो तेव्हा त्याच्या पोटातले तुषार बरेचसे तसेच राहतात. म्हणून नळीचे टोक उघडे सोडण्याऐवजी एक-दोन मिलिमीटरची भोके पाडलेला आडवा तुकडा लावा. शिवाय बबलरमध्येही बुडबुडे फुटतात, म्हणजे तोही तुषार बनवतोच. बबलर तुषार थांबवतो कमी, बदलतो जास्त: २० टक्क्यांच्या तुषाराच्या जागी जवळपास स्वच्छ पाण्याचा तुषार पाठवतो. त्यातले पाणी स्वच्छ आहे तोवरच हा सौदा फायद्याचा. अर्धा लिटर पाण्यात २० टक्क्यांचे द्रावण सव्वा मिलिलिटर गेले की पीएच १२ होतो! आठवडाभर न बदललेला बबलर इंजिनाला कॉस्टिकच पाठवत असतो.

पाणी कधी बदलायचे यासाठी साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) उत्तम. डिस्टिल्ड पाणी शून्याजवळ दाखवते. लिटरमागे सुमारे ५६ मिलिग्रॅम पोटॅश गेला की आकडा १००-१५० पीपीएमच्या घरात येतो. तिथे बदला. आकडा किती दिवसांत चढतो ही तुमच्या सेलची खरी परीक्षा आहे. एका फेरीतच चढला तर दोष मागे आहे, दुसरा बबलर लावून तो झाकू नका. सेल ठीक असेल तर मात्र दुसरा बबलर लावण्यासारखा आहे, आणि मग मोजायचे ते दुसऱ्यातले पाणी. फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा, ते सौम्य अल्कलीत गुलाबी होते पण अतितीव्र कॉस्टिकमध्ये पुन्हा रंगहीन होते. रंग आला नाही म्हणजे पाणी स्वच्छ, असे समजू नका.

बबलरमध्ये व्हिनेगर घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. ॲसेटिक ॲसिड स्वतः वाफ होऊन इंजिनात जाते. आणि सेल बंद झाल्यावर थंड होताना आतला वायू आकसतो, तेव्हा बबलरमधला द्रव उलटा सेलमध्ये खेचला जाऊ शकतो. साधे पाणी गेले तर फक्त पातळी वाढते, व्हिनेगर गेले तर पोटॅशचे ॲसिटेट होते आणि द्रावण बिघडते. सेल आणि बबलरमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा म्हणजे प्रश्नच मिटेल. मात्र तो पितळी नको, त्यातले जस्त अल्कली खाते. पॉलिप्रॉपिलीन किंवा स्टेनलेसचा, आतले रबर ईपीडीएमचे. विटॉन महाग आहे म्हणून चांगले असेल असे वाटते, पण तीव्र अल्कलीपुढे ते टिकत नाही. टाकी आणि बबलर पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईचे घ्या. पाण्याच्या पेट बाटल्या आणि पॉलिकार्बोनेट दोन्हीही अल्कलीने ठिसूळ होतात आणि तडकतात. ॲल्युमिनियम, गॅल्व्हनाइज्ड फिटिंग, डाग दिलेले सांधे वायूच्या वाटेवर कुठेही नकोत.

शेवटच्या टप्प्यावर, बबलरनंतर, पाण्याने न भिजणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) गाळणी-पडदा लावता येतो. तो वायू सोडतो, द्रव अडवतो. पण क्षार बसत गेला की तो तुंबतो आणि मागे दाब चढतो, म्हणून आधी दाब सोडणारी सोय हवी. कापूस, कोळसा भरू नका, दोन्ही जळणारे पदार्थ आहेत आणि आजूबाजूला हायड्रोजन-ऑक्सिजनचे मिश्रण आहे. सिलिका जेल वाफेनेच भरून जाते, आणि अल्कली सिलिकाला विरघळवते.

कॉस्टिक नकोच म्हणून मीठ किंवा खाण्याचा सोडा वापरू का, असाही विचार तुमच्या मनात येईल. मीठ कधीही नको: ॲनोडवर क्लोरीन निघतो, तो विषारी आहे, आणि ओलाव्याबरोबर स्टेनलेसपासून पिस्टनपर्यंत सगळे पोखरतो. खाण्याच्या सोड्याने वायूत कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि वाहकता कमी असल्याने सेल तापतो. चुकीच्या द्रावणात किंवा जास्त व्होल्टेजवर स्टेनलेस झिजून द्रावण पिवळे पडले, तर त्यात सहा-संयुजी क्रोमियम असू शकते. ते कर्करोगकारक आहे, गटारात ओतू नका. अल्कलीच नको असेल तर पीईएम प्रकारचा सेल हा खरा पर्याय आहे. त्यात घन पडदाच इलेक्ट्रोलाइटचे काम करतो, आत फक्त आयनमुक्त पाणी असते, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन वेगवेगळे निघतात. महाग आहे, पण प्रश्न मुळातून संपतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. वरच्या सेलमधून मिळणाऱ्या हायड्रोजनमध्ये सुमारे १५० वॉट ऊर्जा असते. तो बनवायला २७६ वॉट वीज लागते, आणि अल्टरनेटर व इंजिन यांची कार्यक्षमता धरली तर त्या विजेसाठी दीड किलोवॉटच्या आसपास इंधन जळते. इंधन वाचवणे एवढाच हेतू असेल तर हा हिशोब इंजिन उघडण्याआधी करून बघा. प्रयोग म्हणून, शिकण्यासाठी करणार असाल तर इंजिन असे निवडा की जे बिघडले तर चालेल. आणि इंजिन खरोखर चालू असतानाच सेलला वीज मिळेल असा रिले लावा. नुसत्या किल्लीवर जोडला तर बंद इंजिनाच्या इनटेकमध्ये स्फोटक वायू भरत राहतो.

तुमच्या गाडीसाठी आता करायचे ते असे. थ्रॉटल बॉडी आणि जमल्यास मॅनिफोल्ड काढा. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. आधी भरपूर साध्या पाण्याने धुवा, मग पातळ व्हिनेगरने भिजवलेल्या कापडाने पुसा, पुन्हा पाणी, आणि लगेच कोरडे करा. सेन्सर वेगळे काढून ठेवा, त्यांच्यावर व्हिनेगर नको. बसवलेल्या इंजिनात काहीही ओतू नका. तेल आणि तेलाचा फिल्टर बदला. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा बदला. नवे द्रावण बनवताना पाण्यात पोटॅश थोडा थोडा घाला, पोटॅशवर पाणी कधीच नाही. द्रावण चांगलेच तापते, म्हणून भांडे स्टेनलेसचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्या, ॲल्युमिनियमचे अजिबात नको. डोळ्यात शिंतोडा गेला तर किमान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा आणि तडक डॉक्टरकडे जा. अल्कली डोळ्यात आम्लापेक्षा खोल शिरते.

नवी जोडणी इंजिनाला लगेच लावू नका. नळीचे टोक मोकळ्या हवेत, ठिणगीपासून लांब, ओल्या लिटमसच्या लाल कागदासमोर ठेवून सेल पूर्ण तापेपर्यंत चालवा. कागद निळा झाला तर मागे जाऊन पातळी, फेस, तापमान याच क्रमाने तपासा. लालच राहिला तर टीडीएसचा आकडा लिहून ठेवा आणि मग जोडा.